एल्महर्स्टच्या मंदिराभोवती

मॅनहॅटनहून क्वीन्सकडे जाणारी सात क्रमांकाची रेल्वे रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरच्या उंच लोखंडी पुलावरून धावते. चौऱ्याहत्तराव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरले की जॅक्सन हाइट्स लागते. सोन्याच्या पेढ्या, साड्यांची दुकाने, मिठाईवाले. शेजारीच बंगाली पाट्यांची वाणसामानाची दुकाने आणि तिबेटी मोमोची उपाहारगृहे. येथून चालत जाण्याच्या अंतरावर एल्महर्स्टचे जैन मंदिर आहे. दिगंबर व श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांना येथे एकाच छपराखाली स्थान आहे.

परक्या भूमीवर हे वैभव उभे राहिले, ते आपल्या उद्यमाचे आणि पूर्वपुण्याचे फळ, असे दर्शनार्थीच्या मनात सहज येते. भोवतालची वस्ती मात्र या विचाराला थोडे थांबवते.

२०१९ मध्ये अमेरिकेतील भारतीय कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न सुमारे १,१९,००० डॉलर होते; बांगलादेशी कुटुंबाचे त्याच्या जवळपास निम्मे, तर म्यानमारमधून आलेल्यांचे सुमारे ४४,०००. खंड एक, सरकारी नोंदीतला ‘आशियाई’ हा रकानाही एक. पण आत येण्याची दारे वेगळी होती. १९६५ च्या कायद्याने कुशल व्यावसायिकांना आणि नातलगांना वाट दिली. त्या वाटेने आलेले अनेक भारतीय डॉक्टर व अभियंते पदवी मायदेशातूनच घेऊन आले होते. १९९० च्या कायद्यातील सोडतीच्या व्हिसाला मात्र शालान्त शिक्षण किंवा दोन वर्षांचा कामाचा अनुभव पुरेसा होता. पुष्कळ बांगलादेशी व नेपाळी त्या दाराने आले. म्यानमारचे बहुतेक जण तर निर्वासित. भारतीयांतही सारे सधन नाहीत. टॅक्सी चालवणारे पंजाबी याच शहरात आहेत.

२०२० च्या वसंतात करोनाने हा भेद उघडा केला. एल्महर्स्टच्या सार्वजनिक रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. घरी बसून काम करणे ज्यांना शक्य नव्हते, असे टॅक्सीचालक, स्वयंपाकी आणि घरोघरी वृद्धांची सेवा करणाऱ्या स्त्रिया या परिसरात मोठ्या संख्येने राहतात.

अनेकान्त मानणाऱ्यांनी समृद्धीचेही एकच कारण धरू नये. पुरुषार्थ खरा, पण कोणते दार कोणासाठी उघडले, हेही तितकेच खरे. एवढे ध्यानी आले तर दानातील उपकाराचा भाव गळून पडतो आणि साधर्मिक वात्सल्याची भावना मंदिराच्या उंबरठ्याबाहेरच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचते.