मुक्तांबापुरचे वाचक

ओरत्तनाडु

ती. ताईस,


मराठी मुद्रणावरचे तुझे टिपण दोनदा वाचले. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ निघाले आणि छापील अक्षर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मराठी माणसाच्या हाती आले, अशी तुझी मांडणी. तंजावरचे सरफोजी राजे मात्र तळटीपेत गेलेत, ‘एका हौशी राजाचा उपक्रम’ एवढ्या चार शब्दांत. माझी हरकत त्या ‘हौशी’ला आहे. सरफोजींनी वर्तमानपत्र काढले नाही, तेव्हा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचा मान त्यांना द्यावा असे मी म्हणत नाही. पण प्रकाशक कोणाला म्हणायचे हे आपण आधी ठरवू या. छापखाना विकत घेता येतो, खिळेही पाडून घेता येतात. वाचणारा मात्र घडवावा लागतो, आणि मराठीत छापील पुस्तकाआधी वाचणाऱ्याची सोय कोणी लावली याचा शोध घेतला तर वाट थेट ओरत्तनाडुला येते.

हे गाव तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रामेश्वराच्या यात्रेच्या वाटेत आहे. सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ इथे अन्नछत्र बांधले आणि गावाला मुक्तांबापुर हे नाव मिळाले. तंजावरच्या छत्रांची व्यवस्था कशी होती, हे राजांनी १८०१ च्या जानेवारीत इंग्रज रेसिडेंटाला पाठवलेल्या पत्रात सविस्तर आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजलेला भात. ज्याला तो चालत नसेल त्याला कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, की अजून कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे. आजाऱ्याला वैद्य. आणि वाटेत आईबाप गमावलेली पोरे पंतोजींच्या हवाली: त्यांना दिवसातून तीनदा जेवण, दर चार दिवसांनी अंगाला तेल लावून न्हाऊ घालणे. त्या तेलाच्या वाटीपाशी, ताई, तू जरा थांबावेस असे मला वाटते. अशा घडीत १८०३ साली मुक्तांबापुरला शाळा उभी राहिली. तिथे मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि इंग्रजी शिकवत, तेही विनामूल्य. तंजावरचा ‘नवविद्याकलानिधि’ छापखाना सुरू झाला तो यानंतर, १८०५ च्या सुमारास. त्यातून संस्कृत ग्रंथ निघाले, आणि निघाली ‘बालबोध मुक्तावळी’, म्हणजे सक्खण पंडितांनी मराठीत आणलेली इसापाच्या गोष्टींची पोथी. आधी जेवण, मग शाळा, मग पुस्तक, असा हा क्रम आहे. हौसेने छापखाना घालणारा राजा पहिल्यांदा स्वतःची वंशावळ किंवा स्तुतिकाव्ये छापून घेतो. इथे मुलांच्या गोष्टींसाठी खिळे जुळवले गेले.

त्या काळी मराठी आणखी कुठे छापली जात होती ते पाहा. श्रीरामपुरात विल्यम केरींनी १८०५ साली मराठीचे व्याकरण काढले, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना भाषा यावी म्हणून. मुंबईत अमेरिकन मिशनचे मराठी मुद्रण सुरू झाले ते पुढे दहाएक वर्षांनी, धर्मप्रसारासाठी. या दोन्ही ठिकाणच्या श्रमांबद्दल मला आदरच आहे. पण एका ठिकाणी मराठी शिकून घ्यायची भाषा होती, दुसऱ्या ठिकाणी समोरच्याचा धर्म पालटायची. मराठी बोलणाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी छापलेली मराठी तंजावरला होती, आणि तीही सह्याद्रीपासून शेकडो कोस दूर, तमिळ मुलखात. सरफोजींना छपाईची ओळख मिशनऱ्यांमुळेच झाली असणार. लहानपणी त्यांच्यावर श्वार्ट्झ पाद्रींची देखरेख होती, आणि जवळच्या तरंगमबाडीला १७१३ पासून तमिळ पुस्तके छापली जात होती. त्यांनी साधन उचलले आणि छापायचे काय ते स्वतः ठरवले.

यावर तुझा आक्षेप ठाऊक आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. अशा पेन्शनदाराचे प्रकाशन स्वतंत्र कसे मानायचे? आफ्रिकेतले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. दक्षिण आफ्रिकेत जॉन टेंगो जबावु आधी लव्हडेल मिशनचे खोसा भाषेतले पत्र सांभाळत होते. १८८४ मध्ये ते सोडून त्यांनी ‘इम्वो झाबान्त्सुन्दु’ हे स्वतःचे पत्र काढले. नावाचा अर्थच ‘काळ्या लोकांचे मत’. भांडवल मात्र गोऱ्या हितचिंतकांचे होते आणि त्यामुळे जबावुंच्या लेखणीला मर्यादा पडल्या. तरीही आफ्रिकी पत्रकारितेचा इतिहास लिहिताना त्यांना कोणी तळटीपेत ढकलत नाही. पैसा कोणाचा हा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण त्याबरोबर पानावर काय यावे हे कोणाच्या मनाने ठरले, हेही विचारले पाहिजे. राज्य गेलेल्या माणसाने उरलेल्या उत्पन्नातून शाळा, ग्रंथालय आणि छापखाना उभा केला, हे त्याच्या दुबळेपणाचे लक्षण मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तंजावरची पुस्तके वर्गणीदारांच्या बळावर चालली नाहीत, सत्तेला त्यांनी जाब विचारला नाही, आणि ती परंपरा पुढे वाहिली नाही. मुंबईचा प्रवाह वेगळ्याच झऱ्यातून आला. हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. ‘दर्पण’ विधवांच्या पुनर्विवाहासारख्या प्रश्नावर चर्चा घडवू शकले, ते राजवाड्यातल्या छापखान्याला जमणारे नव्हते. पण एवढ्यावरून सरफोजींना हौशी ठरवता येत नाही. ‘दर्पण’ही १८४० मध्ये बंद पडले, म्हणून त्याचे महत्त्व आपण कमी करतो का?

शिवाय सरफोजींचे लक्ष एका पुस्तकापुरते नव्हते. १८०३ साली त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर मराठीत कोरून घेतला, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता यावा असा. त्यांचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक तर तुझ्या वाचनात यायलाच हवे. कुरवंजी म्हणजे टोपली घेऊन भविष्य सांगत फिरणारी डोंगरातली बाई. तमिळ रंगभूमीवर ती नायिकेला प्रियकर भेटेल की नाही हे सांगते. सरफोजींची कुरवंजी इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते, खंडे, देश, नद्या, शहरे, सारे पदांतून. ज्ञान लोकांच्या ओळखीच्या तोंडून, त्यांच्या चालीवर गेले तर ते रुजते, हे या माणसाला पक्के कळले होते. चांगल्या संपादकाला हेच तर कळावे लागते.

७ मार्च १८३२ ला सरफोजी वारले. ‘दर्पण’ निघून तेव्हा दोन महिने झाले होते. या दोन तारखा तुझ्या टिपणात एकाच पानावर येतीलच. तिथे १८०३ हे साल आणि मुक्तांबापुरचे नावही घाल, आणि तळटीपेत नको, वर मजकुरात घाल. ‘हौशी’ खोडशील ना? सुधारलेले टिपण आले की कळव.

तुझा,
धाकटा भाऊ