मानपत्रावरची लाल शाई

12 जानेवारी 2025, मिरज

सरांच्या सत्काराची तारीख एकदाची ठरली, 9 फेब्रुवारी. बैठक अडीच तास चालली. त्यातला पाऊण तास फेटा की पगडी यात गेला आणि आमच्या '79च्या बॅचचे दोन आजोबा एकमेकांशी अबोला धरून उठले. कार्यक्रम बालगंधर्व नाट्यगृहात घ्यावा असं अध्यक्षांचं म्हणणं. 1905 साली बालगंधर्व पहिल्यांदा रंगभूमीवर आले ते मिरजेतच, तेव्हा सरांनाही त्याच थाटात उभं करू. मानपत्र लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला वेळच वेळ असतो, असा सगळ्यांचा समज आहे.

15 जानेवारी

लिहिलं. 'ज्ञानाचा अखंड नंदादीप', 'हजारो विद्यार्थ्यांच्या जीवनाचे शिल्पकार', 'शिवरायांनी जिंकलेल्या या ऐतिहासिक नगरीचा चालताबोलता इतिहास'. वाचून पाहिलं तर जीभ साखरेने जड झाली. पण सगळी मानपत्रं अशीच असतात. मी कोण वेगळी?

18 जानेवारी

आगाऊपणा नडला. नावं-तारखा तपासून घ्याव्यात म्हणून कागद सरांकडे नेला. सर ब्याऐंशी वर्षांचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. तरी त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. माझ्या पोटात तोच जुना गोळा उठला, आठवी 'ब'मधला.

'शिवरायांनी जिंकलेल्या' खाली दोन रेघा. "अगं, वेढा घातला होता. 1659-60 साली. पन्हाळ्याकडे सिद्दी जौहर यायला लागला म्हणून महाराजांना उठावं लागलं. मिरजेचा किल्ला मराठ्यांकडे आला 1739 साली, शाहू महाराजांच्या वेळी. महाराजांचं मोठेपण काय मिरजेवाचून अडलंय? न घेतलेला किल्ला त्यांच्या नावावर कशाला टाकतेस?"

'हजारो विद्यार्थी' खाली फक्त एक शब्द : मोजले?

'नंदादीप'ला नुसताच गोल केला. मी विचारलं, "सर, यात काय चुकलं?"

"चूक नाही. पण माझ्याविषयी त्यातनं काय कळलं?"

काकूंनी आतून चहा आणला. म्हणाल्या, "लग्नाच्या पत्रिकेवरही यांनी असाच लाल पेन चालवला होता."

19 जानेवारी

झोप लागेना, म्हणून शनिवारच्या फेऱ्या आठवत बसले. सकाळची शाळा सुटली की सर आठ-दहा पोरांना घेऊन निघायचे. कधी किल्ल्याच्या खंदकाकडे, कधी मिरासाहेबांच्या दर्ग्यात, कधी कृष्णा घाटावर. प्रत्येकाच्या वहीत तीन रकाने आखलेले : पाहिले, वाचले, ऐकले. दिसेल ते पहिल्यात, कागदावर किंवा दगडावर सापडेल ते दुसऱ्यात आणि कोणी सांगेल ते तिसऱ्यात. तिसऱ्यात सांगणाराचं नाव आणि वय लिहिलं नाही तर वही परत.

एकदा सितारमेकर गल्लीत नेलं होतं. छताला भोपळे टांगलेले, लाखेचा आणि पॉलिशचा वास. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून येतो हे मला तिथे कळलं. तोवर भोपळ्याचा आणि गाण्याचा संबंध मला फक्त माझ्या परीक्षेतल्या गुणांपुरता माहीत होता. कारागीर चाचांनी सांगितलं, आमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. हत्यारांचं काम सरलं तेव्हा हात तंतुवाद्यांकडे वळले. आम्ही ते भराभर 'पाहिले'मध्ये उतरवलं. सरांनी थांबवलं. "तलवार पाहिलीस का? नाही ना? मग तिसऱ्यात लिही. आणि चाचांचं नाव आधी."

गेल्या वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी वाचताना मी त्या जुन्या वहीची सगळ्या घरात शोधाशोध केली. सापडली नाही. आईने रद्दीत घातली असणार.

24 जानेवारी

मानपत्राचा दुसरा खर्डा. या वेळी साखर कमी, माहिती जास्त. वासुदेवशास्त्री खऱ्यांपासून सुरुवात केली, कारण सर त्यांना आपल्या धंद्यातले थोरले म्हणतात. शास्त्रीबोवा मूळचे गुहागरचे, मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले मोडी कागद वाचले, निवडले आणि 1897पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापत राहिले. 1924 साली ते गेले, उरलेलं काम मुलाने पुढे नेलं. पेशव्यांच्या राजकारणावर लिहिणाऱ्याला आजही त्या भागांशिवाय चालत नाही. आणि हे सगळं कोणी केलं, तर रोज फळ्यासमोर उभं राहून शब्दरूपं घोकून घेणाऱ्या मास्तराने.

सरांनी त्या मानाने फार थोडं छापलं. एक पातळ पुस्तक, तेही स्वखर्चाने, आणि वर्तमानपत्रांतले लेख. बाकी सगळं रजिस्टरांत. कुठली विहीर कधी बुजली, कुठल्या बोळाचं जुनं नाव काय, कुठल्या वाड्याची तुळई कुठल्या हॉटेलात गेली. इतिहासाचार्य राजवाड्यांसारखे दप्तरं हुडकत हिंडणारे लोक मोठेच. पण गल्लीतली बुजलेली विहीर नोंदवायला गल्लीतलाच माणूस लागतो, असं मला वाटतं. सरांना हे बोलून दाखवलं असतं तर त्यांनी त्यालाही गोल केला असता.

30 जानेवारी

सरांचा निरोप : नाट्यगृह नको, शाळेतला चित्रकलेचा हॉल बास. थैली नको. फेटा तर नकोच, डोकं दुखतं. अध्यक्ष रुसले. "सत्कार त्यांचा असला तरी इज्जत आपली आहे," असं म्हणाले. हे त्यांनी मनापासून म्हटलं म्हणून मला रागही आला नाही.

4 फेब्रुवारी

सकाळी सरांचा फोन. मला वाटलं मानपत्राबद्दल असेल. "टेप आहे का घरात? शिंप्याची नको, सुताराची आण."

कृष्णा घाटाच्या वाटेवरच्या एका घराची उद्यापासून रंगरंगोटी आहे. त्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर महापुराच्या दोन रेघा आहेत, खालची 2005ची, वरची ऑगस्ट 2019ची. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती ते दिवस. घाटाकडची माणसं हंडे, रेशनकार्ड आणि म्हाताऱ्या घेऊन शाळांच्या वर्गांत येऊन राहिली होती. पाणी ओसरल्यावर सर काठी टेकत घरोघर फिरले आणि पुसट होण्याआधी पाण्याच्या खुणांवर ऑइलपेंटने रेघा मारून घेतल्या. लोकांना वाटलं सरकारी माणूस आहे. बऱ्याच जणांनी नुकसानभरपाईचे अर्ज त्यांच्याच हातात दिले. सरांनी ते घेतले, नीट लिहून काढले आणि तलाठ्याकडे नेऊन दिले.

आता सरांना जिना उतरवत नाही. मी गेले. ओट्यावर उभी राहिले तर 2005ची रेघ माझ्या कमरेशी आणि 2019ची डोक्याच्याही वर. टेपचं वरचं टोक धरायला रंगाऱ्याच्या पोराला शिडीवर चढवलं. त्याने विचारलं, "मावशी, हे कशाला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, "पुढच्या वेळी सामान किती उंच ठेवायचं ते कळायला." त्याला पटलं. त्याने आपण होऊन रेघांभोवती चार बोटं जागा सोडून रंग लावायचं कबूल केलं. मालकाला अजून विचारायचंय.

9 फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. चित्रकलेच्या हॉलमध्ये माणूस मावेना, खिडक्यांतून पोरं लोंबकळत होती. भाषणं लांबली. फेट्यावरून अबोला धरलेले दोघे शेजारी बसले होते आणि एकाच कागदाने वारा घेत होते. मी मानपत्र वाचलं, वेढा वेढाच ठेवला आणि 'हजारो' गाळलं. काकूंनी निळी इरकल नेसली होती. सर चार मिनिटं बोलले. त्यातली तीन मिनिटं त्यांनी माहिती देणाऱ्यांची नावं वाचली : न्हावी, पुजारी, मुजावर, रेल्वेतला गँगमन, एक सुईण. निम्म्याहून जास्त नावांपुढे 'कै.' होतं.

11 फेब्रुवारी

टेपची मापं द्यायला सरांकडे गेले. हार खुंटीला, शाल काकूंच्या गुडघ्यांवर. टेबलावर चालू रजिस्टर उघडं होतं. सर आत औषध घेत होते, म्हणून मी डोकावले.

9 फेब्रुवारीची नोंद तिसऱ्या रकान्यात होती. 'ऐकले : स्वतःविषयी बरेच चांगले. सांगणारे माजी विद्यार्थी, वये 30 ते 65. पडताळणी बाकी.'

त्याखाली पहिल्या रकान्यात घाटाकडच्या घराची नोंद, मापांची जागा कोरी. 'पाहणार व मोजणार' असं लिहून पुढे माझं नाव होतं, लग्नाआधीच्या आडनावासकट, आणि कंसात हजेरी क्रमांक 23. मी पेन घेतलं आणि फूट-इंच भरले. आतून सरांचा आवाज आला, "शाई कुठली वापरतेस?"