तीन नंबर, चार नंबर

पहिला बार भूमकर चौकात उडाला. सिग्नल सुटला, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून 'फट्ट' आवाज आला. पुढच्या स्कूटीवरची मुलगी दचकून वळली. शेजारच्या कॅबवाल्याने काच खाली करून विचारलं, "काका, दिवाळी आली का?"

मी चौतीस वर्षांचा आहे. पण प्रीमियर पद्मिनी चालवणारा माणूस आपोआप काका होतो.

शेजारच्या सीटवर अप्पा बसले होते. ते शांतपणे मेट्रोचे खांब बघत होते. त्यांना आवाज आलाच नव्हता.

अप्पांनी एकतीस वर्षं भोसरीकडच्या एका फोर्जिंग कंपनीत काढली, हॅमरवर. लालबुंद लोखंडावर वरून काही टनांचा घाव, दर काही सेकंदांनी, आठ तास. कानात घालायला सुरुवातीची वर्षं कापसाचे बोळे, तेही घरून न्यायचे. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग फोनची रिंग, मग आम्ही. आता घरात आम्ही त्यांना शेजारच्या खोलीतून व्हॉट्सअ‍ॅप करतो. 'जेवायला या.' ते अंगठा पाठवतात आणि येतात.

गाडी १९८६ची. अप्पांनी ती ९५ साली सेकंडहँड घेतली. त्या काळात आमच्या आळीत ती एकटीच, त्यामुळे लग्नातला नवरदेव, बाळंतीण, मुंबईला विमानतळावर जाणारा कुणाचातरी भाचा, सगळे तिच्यातूनच गेले. ही मूळची इटालियन फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. इंजिन १०८९ सीसी, ताकद जेमतेम चाळीसेक हॉर्सपॉवर. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी तुम्ही सिनेमात तरी पाहिल्या असतील. त्यातली शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. ती बातमी वाचली त्या आठवड्यात मी आमच्या गाडीवरची ताडपत्री काढली. आत उंदरांनी मागची सीट संपवली होती.

रीबोअरिंग, पिस्टन, व्हॉल्व्ह हे कासारवाडीच्या एका मिस्त्रींनी केलं. कार्बोरेटर, वायरिंग आणि इग्निशन मात्र मी स्वतः केलं. चौदा महिने शनिवार-रविवार त्यात गेले. हिंजवडीत माझ्या टीममधले लोक त्या वेळात ट्रेकला जातात.

आणि एवढं करून गाडी फायर मारायला लागली. गंमत बघा, इथे लोक पैसे देऊन बुलेटचा सायलेन्सर बदलून घेतात, असाच आवाज यावा म्हणून. मग पोलीस ते सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात आणि त्याचा रील होतो. माझा आवाज फुकट होता आणि मला नको होता.

बॅकफायरमध्ये पहिला प्रश्न असतो: कुठून वाजतंय? मागून, सायलेन्सरमधून वाजत असेल तर न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन गरम पाइपात पेटतंय. म्हणजे पेट्रोल जास्त, किंवा ठिणगी उशिरा, किंवा मधूनमधून ठिणगीच नाही. पुढून, कार्बोरेटरमधून वाजत असेल तर आग उलटी येतेय. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय, किंवा आत यायची झडप नीट मिटत नाही, किंवा ठिणगी भलत्याच वेळी पडतेय.

माझी पुढून वाजत होती, आणि तीही लोड आला की. मी कार्बोरेटर तीनदा उघडला. जेट फुंकले. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी सोडून हवा कुठे ओढतेय का पाहिलं. टॅपेट पुन्हा सेट केले. पॉइंटचा गॅप फिलर गेजने मोजला, कंडेन्सर बदलला, टायमिंग थोडं मागे-पुढे करून बघितलं. यूट्यूबवर अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांचे तास-तासभराचे व्हिडिओ पाहिले. त्यांचं आठ सिलिंडरचं इंजिन माझ्या अख्ख्या बॉनेटमध्ये मावलं नसतं, पण दुखणं तेच. तीन वीकेंड गेले. गाडी तश्शीच.

अप्पांना मी विचारलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. पूर्वी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून सांगायचे, दोन नंबरचा टॅपेट ढिला आहे. त्यांची सगळी विद्या कानात, आणि कान गेले, मग विचारायचं काय, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'कंडेन्सर' हा शब्द चार वेळा ओरडून सांगायचा म्हणजे वरच्या गॅलऱ्या भरतात.

जूनमधली रात्र होती. पाऊस पडून गेलेला, हवा ओली. साडेदहाला अप्पा लुंगीवर खाली आले. इंजिन चालू होतं, मी वैतागून टायरवर बसलो होतो. त्यांनी बॉनेटमध्ये बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "लाइट घालव."

मी मोबाइलचा टॉर्च बंद केला.

"ती नव्हं. ती वरची सगळी."

वॉचमनला विनवून पार्किंगच्या ट्यूब बंद करवल्या. अंधार झाला. अप्पांनी हात घालून कार्बोरेटरची कांडी झटक्यात ओढली. इंजिन गुरगुरलं, आणि प्लगच्या वायरींमध्ये निळं काहीतरी नाचलं. केसाएवढं बारीक, इकडून तिकडे. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा निळं. आणि फट्ट!

"तीन नि चार," अप्पा म्हणाले. "बांधलास कशाला त्यांना?"

बांधल्या होत्या मीच. जुन्या वायरी एका खाचांच्या पट्टीत अंतर ठेवून बसवलेल्या होत्या. मला ते गबाळं वाटलं. मी ती पट्टी फेकली, ऑनलाइन स्वस्त वायरी मागवल्या आणि चारही एकत्र करून झिप टायने करकचून आवळल्या. आमच्या सर्व्हर रूममध्ये केबल अशाच बांधतात. फोटोही टाकला होता, दोनशे लाइक.

आता हे नीट ऐका. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे तीननंतर लगेच चारची पाळी, आणि दोघे शेजारी. प्लगच्या वायरीतून हजारो व्होल्ट धावतात. इन्सुलेशन हलकं, हवा ओली, आणि दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या. तीनला निघालेली वीज थोडी चारमध्येही शिरते. त्या क्षणी चार नंबर पेट्रोल-हवेचा घोट नुकताच घेत असतो, आत यायची झडप अजून पुरती मिटलेली नसते, खऱ्या ठिणगीला अर्धा फेरा बाकी असतो. अशात ठिणगी पडली की जाळ उघड्या झडपेतून उलटा कार्बोरेटरकडे येतो.

नंतर शोधलं तर शेवरलेच्या जुन्या व्ही-एटमध्ये पाच आणि सात नंबरचं हेच. शेजारी आणि पाठोपाठ. तिकडचे जुने लोक त्या दोन वायरी मुद्दाम लांब ठेवतात. तो व्हिडिओ मी पाहिलाही होता. आमच्या इंजिनला सात नंबर नाही म्हणून पुढे ढकलला.

झिप टाय नेलकटरने कापले. अप्पा वर जाऊन जुनी हवाई चप्पल घेऊन आले. ब्लेडने तिचे दोन तुकडे काढले, प्रत्येकाला चार खाचा पाडल्या आणि वायरी एकेक करून बसवल्या. मग मडगार्डवर तळवा टेकून डोळे मिटून उभे राहिले, नाडी बघितल्यासारखे. मी अ‍ॅक्सिलरेटर दिला. एकदा, दोनदा, पाच-सहादा. आवाज नाही. त्यांना ते सांगावं लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी चांगल्या वायरी आणल्या. चपलेचे तुकडे तेच ठेवलेत. फोटो टाकलेला नाही.

रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो तेव्हा आम्ही फेज थ्रीवरून माणकडे निघालो. कानाचं मशीन घरी ड्रॉवरमध्ये, नेहमीसारखं. त्यात सगळंच हॅमरसारखं वाजतं म्हणतात. टेकडीच्या चढावर मी गाडी तिसऱ्यात ओढली. अप्पांनी खुणेने विचारलं, वाजते का? मी मान हलवून नाही म्हटलं.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी सीटखाली हात घातला, तसाच ठेवला.

"डावं मागचं बेअरिंग," ते म्हणाले. "आताच सुरू झालंय."

मी काच खाली केली आणि कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही.