नशीब, डोकं आणि पगार

लुडो नशिबाचा खेळ की डोक्याचा? २०२१ मध्ये हा प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. पैसे लावून खेळायच्या एका लुडो ॲपविरुद्ध याचिका होती. आपला जुगारबंदी कायदा १८८७ चा, आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट. म्हणून वाद सगळा एकाच शब्दावर.

आपल्या घरांत याचं उत्तर कधीचंच ठरलंय. चल्लस-आठ घ्या, कुणी अष्टाचंगपे म्हणतं. खडूने पाच बाय पाच घरं आखायची, चार कवड्या नाहीतर फोडलेले चिंचोके घ्यायचे, झाला खेळ. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे तर आठ, वर आणखी एक दान. दान आपल्या हातात नाही. पण दोन पडल्यावर फुलीतली सोंगटी बाहेर काढायची, की समोरच्याची मारायची, हे आपणच ठरवायचं. आतल्या घरांत शिरायला आधी एक तरी मारावी लागते, त्यामुळे नुसतं लपून भागत नाही. आणि नशिबाचा वाटा आहे म्हणूनच सहा वर्षांची नात आजीला हरवू शकते.

पैसे लागले की हाच वाटा घात करतो. हरणाऱ्याला वाटतं, मी बरोबरच खेळलो, फक्त दान पडलं नाही. पुढच्या डावात वसूल. तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर असलेला ओळखीतला एक मुलगा महिन्याचा पगार आठवड्यात मोबाईलवर घालवायचा. मग मेसची उधारी, मित्रांकडून हातउसने, आणि गावी आईला रोज नवीन कारण.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला : कौशल्य असो वा नशीब, पैसे लावायचा ऑनलाइन खेळ बंद. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. बिनपैशाचा लुडो खुशाल खेळा.

खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे बोईसरच्या चाळीचाळींत पोचायला हवं. पोरं भीतीपोटी गप्प बसतात आणि कर्ज वाढत जातं. कुणी लिंक पाठवून पैसे भरायला लावले, फसवलं, तर लगेच १९३० वर फोन करा. आणि आपल्या खोलीतला कुणी रात्रभर मोबाईलवर सोंगट्या हलवत असेल, तर ओरडण्याआधी त्याला एवढंच विचारा : किती अडकलेत?