चार महिन्यांनी घरी

मागच्या आठवड्यात बंगळूरहून परत आले. लेकीकडे महिनाभर म्हणून गेले होते, राहिले चार महिने. इथून फोन यायचे, "अहो, एवढे दिवस काय करताय तिकडे?" मी नातवाच्या शाळेचं, लेकीच्या ऑफिसचं कारण सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. खरं कारण पुढे येईलच.

पुणे स्टेशनवर भाचा घ्यायला आला होता. मी सवयीने रिक्षाकडे वळले, तर म्हणतो, "मावशी, मेट्रोने जाऊ." मेट्रो आमच्या कोथरूडला २०२२ सालीच आली आणि २०२३ च्या ऑगस्टपासून स्टेशनलाही जोडली गेली. पण मी आपली खरेदीपुरती डेक्कनपर्यंत जाणारी. त्यापुढचा रस्ता वरून कधी पाहिलाच नव्हता.

महापालिकेचं स्टेशन सुटलं आणि गाडी नदीच्या कडेकडेने जाऊ लागली. पलीकडच्या काठावर, डाव्या हाताला, ओंकारेश्वराचं देऊळ दिसलं आणि मी खिडकीला नाकच लावलं. त्याच्या मागे, शनिवार पेठेत, आमचं बिऱ्हाड होतं. वाड्यातल्या दोन खोल्या, अंगणात नळ. १२ जुलै १९६१ पर्यंत.

मी तेव्हा दहा वर्षांची. सकाळी पानशेत धरण फुटल्याची बातमी आली, आधी कोणाचा विश्वासच बसेना. मग वडिलांनी आम्हा भावंडांना धरून पर्वतीकडे आत्याच्या घरी नेलं. दुपारी खडकवासलाही गेलं. लकडी पुलावरून पाणी वाहिलं. पाणी ओसरल्यावर परतलो, तर वाड्याची मागची बाजू बसलेली आणि खोलीत गुडघ्याच्या वर चिखल. दैव कसं असतं बघा, अर्धं शहर पाण्यात गेलं आणि नंतर प्यायला पाणी नाही! कारण नळाला पाणी यायचं ते खडकवासल्याचंच. जुन्या विहिरींवर लोकांनी दिवस काढले.

आई चिखलात हात घालून चाचपत होती. भांडीकुंडी गेली होती. पाटा मात्र जागेवर सापडला. वरवंटा काही मिळाला नाही. वडील म्हणाले, "राहू दे, नवा घेऊ." तिने ऐकलं नाही. पुढे गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत खोली मिळाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तो पाटा टेकवून, शेजारणीचा वरवंटा मागून आणून तिने चटणी वाटली. मला तिचा फार राग आला होता. मी विचारलं, "तुला वाड्याची आठवण नाही येत?"

"येते की," ती म्हणाली. "पण स्वयंपाक इथे करायचाय ना?"

आयडियल कॉलनीला उतरेपर्यंत हेच डोक्यात. आता खरं कारण सांगते. आमची सोसायटी १९८४ सालची, बारा बिऱ्हाडांची. पुनर्विकासाला कायद्याने निम्म्याहून जास्त सभासदांची संमती पुरते. पण आमच्याकडे ठरलं, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. अकरा सह्या झाल्या. बारावी माझी. तळमजल्यावरचं घर, दारात यांनी लावलेला प्राजक्त. हे जाऊन सहा वर्षं झाली, तो झाडच तेवढं राहिलंय असं वाटायचं. 'नाही' म्हणायचा धीर होईना आणि सही करवेना. म्हणून बंगळूर!

घरी पोचले आणि कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांना जूनमध्ये एका रात्री छातीत दुखायला लागलं. लिफ्ट नाही. मुलांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. आता बरे आहेत, पण दवाखान्यातून वर गेले ते पुन्हा खाली आलेले नाहीत. नाना म्हणजे यांचे रोजचे फिरायचे सोबती.

"मला कळवलं का नाही?" मी वहिनींना विचारलं.

"म्हटलं, तुम्हाला सहीसाठी दडपण आणल्यासारखं वाटेल."

चाळीस वर्षांच्या शेजारणीला माझ्याशी बोलताना असा विचार करावा लागला. हे मला फार लागलं.

गुडघे धरत, दोनदा थांबत वर गेले. नाना खिडकीशी बसले होते. म्हणाले, "प्राजक्त फुलला का हो? वास येतो, पण वरून दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सही केली. रडू आलं, खोटं कशाला सांगू? सकाळी वाटीभर फुलं वर नेऊन दिली. सुकलेल्या बिया जमवून पाकिटात ठेवल्या आहेत. रुजतील तर रुजतील.

आता आवराआवर सुरू आहे. पाटा माझ्याकडेच आहे, मागच्या ओट्यावर. भाचा म्हणतो, "मिक्सर असताना हा दगड कुठे नेतेस, मावशी?" आधी भाड्याच्या घरात, मग नव्या घरात, म्हटलं.

पुस्तकं मात्र फार झाली आहेत. ज्यांना हवीत त्यांनी येऊन निवडून घ्या. शक्यतो दिवाळीच्या आधी या. चहा अजून याच घरात मिळेल.