आठांचें कुटुंब

चाळिशीला टेकलेला, नोकरीपेशाचा, एरवीं बऱ्यापैकीं शहाणा गणला जाणारा एक गृहस्थ रात्रीं घरांत निजानीज झाली म्हणजे संगणकावर भातुकली खेळत बसतो, हें वाचून कांहीं वाचकांस हंसूं येईल. त्यांनीं खुशाल हंसावें. आमच्या घरीं हें हंसणें सन २००२ पासून चालत आलें आहे, आणि त्याची मला आतां इतकी संवय झाली आहे कीं, कोणी हंसलें नाहीं तर चुकल्याचुकल्यासारखें वाटतें.

खेळाचें नांव ‘द सिम्स’. ज्यांनीं तो पाहिलेला नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगितलें पाहिजे. यांत शत्रु नाहीं, शर्यत नाहीं, जिंकणें-हरणें नाहीं. आपण पडद्यावर माणसें घडवावयाचीं, त्यांना नांवें द्यावयाचीं, त्यांच्यासाठीं घर बांधावयाचें आणि मग त्यांचा संसार चालवावयाचा. त्यांना भूक लागते, झोंप येते, करमेनासें होतें. तीं नोकरीवर जातात, भांडतात, लग्नें करतात, आणि एका अर्थहीन परंतु मोठ्या गोड भाषेंत अखंड बोलत असतात. विल राइट नांवाच्या अमेरिकन गृहस्थाचें ओकलंड येथील राहतें घर १९९१ सालच्या वणव्यांत जळून गेलें. नव्यानें बिऱ्हाड थाटतांना कोणती वस्तु खरोखर हवी आणि कां हवी, याचा विचार त्याला करावा लागला, आणि त्या विचारांतून हा खेळ सुचला, असें सांगतात. २००० सालच्या फेब्रुवारींत तो बाहेर पडला. प्रारंभीं त्याची कल्पना ‘बाहुलीघर’ म्हणूनच मांडली गेली होती. तेव्हां मी त्याला भातुकली म्हणतों यांत माझ्या पदरचें फारसें कांहीं नाहीं.

आमच्या गंगाखेडच्या वाड्यांत तो आला तो पुण्यास शिकत असलेल्या थोरल्या चुलतभावाच्या पिशवींतून. मी तेव्हां सोळा वर्षांचा होतों. वाडा एकाच चौकाचा, पण माणसांनीं भरलेला. आजी-आजोबा, तिघे मुलगे, तिघी सुना आणि आम्ही सहा नातवंडें, मिळून चौदा. पंधरावी आक्का.

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. नवव्या वर्षीं तिचें लग्न झालें आणि अकराव्या वर्षीं ती कायमची माहेरीं परत आली. रुखवतांत तिला पितळेची भातुकली मिळाली होती. खेळणें आणि संसार हीं दोन्ही तिच्या हातीं एकदमच पडलीं, आणि त्यांपैकीं भातुकली तेवढी राहिली. गंगाखेड हें जनाबाईचें गांव. नामदेवांच्या घरचीं माणसें चौदा आणि पंधरावी जनी, अशी मोजदाद परंपरेनें सांगतात. त्यामुळें “तुम्ही चौदा, मी पंधरावी” ही आक्काची ठरलेली थट्टा होती. देवघरामागची बिनखिडकीची खोली तिची.

मुलगा असून मी चूल-बोळकीं मांडून बसतों, म्हणून सारें घर हंसलें. आक्का हंसली नाहीं. दुपारचीं कामें आटोपलीं कीं ती चष्मा पुसून माझ्या शेजारीं येऊन बसे. पहिल्या आवृत्तींत माणसाच्या गरजा आठ धरल्या होत्या: भूक, आराम, स्वच्छता, देहधर्म, झोंप, करमणूक, सोबत आणि आठवी खोलीची शोभा. (चौथ्या आवृत्तींत त्या सहांवर आल्या, आराम आणि शोभा यांना रजा मिळाली.) त्या सगळ्या मीं एकेक करून आक्काला समजावून सांगितल्या. तिनें ऐकून घेतल्या आणि विचारलें, “अरे, भूक आहे तर उपास कुठंय?” उपासाची सोय नाहीं असें सांगतांच म्हणाली, “मग ह्यांच्या पदरी पुण्य कसं पडतं?”

या खेळाविषयीं मीं पुढें पुष्कळ वाचलें, पुष्कळ वाद ऐकले. पण इतकी नेमकी टीका कोणीं केलेली मला आढळली नाहीं. गरज उत्पन्न झाली कीं ती भागविलीच पाहिजे, हा या खेळाचा पाया आहे. एखादें माणूस आपली भूक जाणूनबुजून मागें ठेवतें आणि त्यांतच त्याला बरें वाटतें, हें त्याच्या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं. आमच्या घरांतील निम्म्या बायकांचा स्वभाव त्यामुळें पडद्यावर उतरवितांच येईना.

त्या उन्हाळ्याच्या सुटींत मीं आमचा वाडा बांधावयास घेतला. दिवसाचे कित्येक तास भारनियमनांत जात, आणि काम जतन करण्यापूर्वीं वीज गेली म्हणजे उभ्या केलेल्या भिंती पुन्हां उभ्या कराव्या लागत; एक जिना तर मीं चार वेळां बांधला. तुळशीवृंदावनाच्या जागीं फुलझाडाची कुंडी, देवघरांत लहानसें मेज आणि त्यावर दिवा, अशी तडजोड करीत करीत वाडा उभा राहिला. मग माणसें घालावयास बसलों, आणि आठव्या माणसावर खेळ अडला. एका कुटुंबांत आठांहून अधिक माणसें तो घेत नाहीं. पहिल्या आवृत्तीपासून चौथीपर्यंत हा नियम कायम आहे. हौशी मंडळींनीं बाहेरून जोड लावून तो वाकविला आहे खरा; परंतु मूळ खेळांत कांहीं सुधारणा झाली कीं ती जोड वारंवार मोडते, आणि मग घुसविलेल्या माणसांचें काय होईल याचा भरंवसा नसतो.

पंधरांतून आठ निवडावयाचे होते. आजी-आजोबा, आई-वडील, मी आणि माझी बहीण हीं सहा झालीं. उरलेल्या दोन जागा थोरल्या काका-काकूंना दिल्या. धाकट्या काकांना पलीकडच्या जागेंत स्वतंत्र घर बांधून दिलें आणि चुलतभावंडांचीहि तेथेंच सोय केली. त्यावरून दोन दिवस रुसवेफुगवे झाले. आक्काचा विचार मात्र माझ्या मनांत आलाच नाहीं. तिला वगळावें असें मीं ठरविलें असतें तर निदान ठरविल्याचें तरी स्मरण राहिलें असतें.

तिसऱ्या प्रहरीं ती पाहावयास आली. पडद्यावर बोट ठेवून तिनें एकेक खोली ओळखली: ही ओसरी, हें माजघर, हा जिना. देवघरामागें तिचें बोट थांबलें. तेथें मीं कोठीघर केलें होतें.

“आणि मी रे कुठंय?”

मीं नियम सांगितला. आठच माणसें चालतात, त्याला माझा इलाज नाहीं, असें कांहींसें बोललों. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी काय जागा खाते? कोठीत पोत्यांपाशी बसेन. त्याला म्हणावं, जेवायला नाही घातलंस तरी चालेल.” ‘त्याला’ म्हणजे संगणकाला. ती थट्टा करीत होती कीं काय, हें मला त्या वेळीं उमगलें नाहीं, आणि आजहि नक्की सांगतां येत नाहीं.

२००४ सालीं दुसरी आवृत्ति निघाली. माझ्या मतें सर्वांत सरस तीच. पहिलींत काळ नव्हता. मोठीं माणसें म्हातारीं होत नसत आणि शाळेंत जाणारें मूल जन्मभर शाळेंतच जाई. दुसरींत तान्हेपणापासून वार्धक्यापर्यंत सर्व अवस्था आल्या, आईचें नाक आणि बापाची हनुवटी मुलांत उतरूं लागली, माणसांना झाल्यागेल्या गोष्टी आठवूं लागल्या, आणि पिकलें पान गळूं लागलें. घराला वंशावळ आली. पुढच्या आवृत्त्यांनीं चित्रें सुंदर केलीं, परंतु एका पिढीचें ओझें दुसरीवर पडतांना पाहण्यांत जी गोडी आणि जी हुरहुर दुसरींत आहे ती मला पुन्हां सांपडली नाहीं. २०२५ च्या जानेवारीअखेर, पंचविशीच्या निमित्तानें, पहिल्या दोन आवृत्त्या पुन्हां विक्रीस आल्या, तेव्हां मीं पत्नीची परवानगी न घेतां ज्या थोड्या खरेद्या केल्या त्यांत ही एक.

२००६ सालीं आमच्या वाड्यांतल्या चुली वेगळ्या झाल्या. मोठें भांडण असें कांहीं नव्हतें. माजघरांत कागद घेऊन मंडळी बसलीं. भांडीं, कपाटें, झोपाळा, आजी-आजोबांनीं कोणाकडे राहावें, सर्वांची नोंद झाली. कागदाची घडी घालतां घालतां धाकट्या काकूंनीं विचारलें, “आणि आक्कांचं काय?” मग चार-चार महिन्यांची पाळी ठरली. तीं माणसें निर्दय नव्हतीं. मोजतांना आक्का कोणाच्या लक्षांत आली नव्हती, इतकेंच. मी जिन्यांत उभा राहून हें ऐकत होतों, आणि मला माझें कोठीघर आठवलें. वडील मंडळींनीं जें त्या दिवशीं केलें तें मीं चार वर्षें आधींच करून ठेवलें होतें. पुढें तीन वर्षें आक्का दर चार महिन्यांनीं आपली वळकटी आणि भातुकलीचा डबा उचलून एका दारांतून दुसऱ्या दारांत जाई. २००९ च्या पावसाळ्यांत ती गेली. पाळी आमची होती. वाडा २०११ मध्यें विकला गेला.

तिसरी आवृत्ति २००९ ची. तींत सबंध गांव मोकळें केलें होतें. कोणींहि उठावें आणि कोठेंहि चालत जावें. कौतुकाची गोष्ट, परंतु एकाच्या मागें आपण गेलों कीं घरीं काय चाललें आहे याचा पत्ता लागत नसे. मला ती फार दिवस रुचली नाहीं. चौथी २०१४ सालीं आली ती रांगतीं-धावतीं पोरें वगळूनच. पाळण्यांतून उतरलेलें मूल थेट शाळेंत जाई! तीं मुलें २०१७ च्या जानेवारींत घरांत आलीं. २०२२ पासून मूळ खेळ फुकट मिळतो, परंतु भर घालावयाची तर प्रत्येक पुरवणीला दाम मोजावे लागतात; म्हणजे घर फुकट आणि दारें-खिडक्या विकत. तरीहि मी घेतों. व्यसन म्हणा हवें तर.

त्यांतलीच एक पुरवणी, ‘फॉर रेंट’, २०२३ च्या डिसेंबरांत निघाली. एकाच इमारतींत अनेक बिऱ्हाडें राहूं शकतील अशी सोय तींत आहे. मी आतां परभणीस राहतों. आमच्या घरांत माणसें चार. आठांची मर्यादा निम्मी रिकामीच पडते. पुरवणी हातीं येतांच मीं पुन्हां गंगाखेडचा वाडा बांधला, आणि या वेळीं पंधराहि माणसें त्यांत मावलीं. अट एवढीच कीं प्रत्येक बिऱ्हाडाचा पैसा वेगळा, संसार वेगळा. आपण एका वेळीं एकच चालवावा आणि बाकीच्यांनीं आपल्या मतीप्रमाणें वागावें. एकत्र कुटुंब या खेळाला विभक्त झाल्यावरच कळतें. भिंतीला कान लावून शेजाऱ्यांचें बोलणें ऐकण्याचीहि सोय आहे, आणि तेवढ्यापुरता तो आमच्या वाड्याशीं इमान राखून आहे असें म्हटलें पाहिजे.

देवघरामागची खोली मीं आक्काला दिली. तिला खिडकी पाडली. स्वतंत्र चूल, स्वतंत्र पलंग, आणि कुटुंबप्रमुख म्हणून तिचें एकटीचें नांव.

एके रात्रीं मी आमचें, म्हणजे आई-वडिलांचें, बिऱ्हाड चालवीत होतों. रात्रीचीं जेवणें उरकलीं होतीं, भांडीं पडलीं होतीं. दार वाजलें. आक्का आंत आली, इकडेतिकडे पाहिलें, आणि कोणीं सांगितलेलें नसतां सरळ स्वयंपाकघरांत जाऊन भांडीं घासावयास लागली. मीं तिच्यावर बाण नेऊन पुनःपुन्हां कळ दाबली. परंतु ती त्या वेळीं माझ्या कुटुंबांत मोजलेली नव्हती. त्यामुळें “आक्का, राहूं दे” असें तिला सांगण्याची सोय माझ्या हातीं नव्हती.