टेकडीवरची पडवी

डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडून थोडा चढ चढला की भंडारवाड्याची टेकडी लागते. वर महापालिकेची बाग आहे, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. मुंबई पाहायला आलेले पाहुणे हँगिंग गार्डनला जातात, राणीच्या बागेत जातात. इकडे फारसे कुणी फिरकत नाही. बाकांवर निवृत्त माणसे असतात, अभ्यासाला आलेली मुले असतात आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आम्ही असतो.

आम्ही म्हणजे दोघी जावा आणि आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही अम्मीच म्हणतो. घर पागडीचे, १६० चौरस फुटांचे, आणि माणसे नऊ. मुलांचा अभ्यास, मोठ्यांची नमाज, स्वयंपाक, शिवणयंत्र, पाहुणे, सगळे एकाच खोलीत. अशा घरात प्रेम कमी नसते, पण निवांतपणा अजिबात नसतो. कुणाशी चार शब्द खासगी बोलायचे तर जिन्यात जावे लागते आणि जिन्यात शेजारीण उभी असते. म्हणून अस्रची नमाज झाली की थर्मासमध्ये चहा भरायचा, अम्मींचा हात धरायचा आणि हळूहळू टेकडी चढायची. मगरिबच्या आत परत. अम्मी या जागेला ‘आपली पडवी’ म्हणतात. त्यांच्या दापोलीकडच्या माहेरी घराला मोठी पडवी होती. संध्याकाळी सगळ्या बायका तिथेच बसत.

वरून पूर्वेकडचे बंदर दिसते. माझगाव डॉकच्या उंच क्रेन, उभी जहाजे, ईस्टर्न फ्रीवेवरून पळणाऱ्या गाड्या, हार्बरची लोकल. हवा स्वच्छ असली तर पाण्यापलीकडे घारापुरीचा डोंगरही ओळखू येतो. आवाज वर येईपर्यंत मऊ होतो. खाली भोंग्याने कान फाटतात, इथे तोच भोंगा दूरच्या बोटीसारखा वाटतो.

अम्मींची नजर मात्र नेहमी भाऊच्या धक्क्याकडे जाते. १९७४ साली लग्न करून त्या आल्या त्या बोटीने. हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नसे, होडीतून जाऊन चढावे लागे. हातात ट्रंक, अंगावर नवा बुरखा, आणि बोट लागल्याने सारा रस्ता उलट्या. “मुंबई पहिल्यांदा पाहिली ती पाण्यावरून,” असे त्या हसून सांगतात. हजची जहाजेही १९९५ पर्यंत याच बंदरातून जात. शेजारच्या कुणाला निरोप द्यायला अब्बांबरोबर त्या दोनदा गेल्या होत्या. आता बोटी नाहीत, पण बाकावर बसले की त्यांना त्या दिसतात.

मुलांना आम्ही इथल्या गोष्टी सांगतो. या टेकडीवर इंग्रजांचा छोटा किल्ला होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईवर चालून आला, त्याने माझगाव घेतले आणि पुढल्या वर्षी परत जाताना किल्ला पाडून टाकला. बागेला ज्यांचे नाव आहे ते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा इथलेच, माझगावचे. लोक त्यांना काका म्हणत. लोकमान्य टिळकांचे ते सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. मुलांना सर्वांत जास्त आवडते ती मात्र पाण्याची गोष्ट. ही हिरवळ जमिनीवर नाही, पाण्याच्या टाकीवर आहे. १८८४ साली बांधलेला हा जलाशय. तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या तलावांचे पाणी इथे साठते आणि उंचीवर असल्यामुळे आपोआप खालच्या वस्त्यांत उतरते. आमची धाकटी हिरवळीला कान लावून पाणी ऐकायचा प्रयत्न करते.

दोन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. त्यानंतर सहा महिन्यांत आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा कागद आला. इमारत जुनी, टेकू लावून उभी. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी या टेकडीजवळच एक इमारत कोसळली होती, ६१ माणसे गेली. ती सकाळ आमच्यापैकी कुणी विसरलेले नाही. त्यामुळे घर सोडायचे याबद्दल वाद नव्हता. सोडून जायचे कुठे, हा प्रश्न होता.

घरातल्या पुरुषांनी हिशेब मांडला. थोरल्याने मुंब्र्याला खोली घ्यावी, धाकट्याने कामाजवळ भिवंडीला. अम्मींनी नवे घर मिळेपर्यंत गावी भावाकडे राहावे, तिथे हवा चांगली. हेतू वाईट नव्हता. रोज रात्री जेवताना विषय निघे. अम्मींना विचारले की त्या म्हणत, “तुम्ही म्हणाल तसं.” आणि ताट उचलून मोरीकडे जात.

एका संध्याकाळी बाकावर चहा ओतताना आम्ही पुन्हा विचारले. या वेळी समोर मुलगे नव्हते, नातवंडे झोपाळ्यावर होती, शेजारीण नव्हती. अम्मी बराच वेळ बंदराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तीन वर्षं म्हणतात. माझं वय एकाहत्तर. गावी गेले तर नव्या घरात मी येईन की माझा फोटो येईल?”

आम्हाला काय बोलावे सुचेना. त्याच पुढे म्हणाल्या, “आणि भाड्याची पावती अजून तुमच्या अब्बांच्या नावावर आहे. करारावर मुलं सह्या करणार. पन्नास वर्षं त्या घरात मी राहिले, माझं नाव कुठेच नाही. आधी पावती माझ्या नावावर करा. मग कुठेही न्या, पण सगळे एकत्र.”

एवढे मोठे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकले. घरी त्या हे बोलू शकल्या नसत्या. तिथे मुलांना वाईट वाटेल, सुना काय म्हणतील, पोरे काय ऐकतील, हे सगळे आधी मनात येते.

त्या रात्री आम्ही दोघींनी आपापल्या घरधन्यांना तेच शब्द जसेच्या तसे सांगितले. थोरले काही बोलले नाहीत. सोमवारी अब्बांच्या मृत्यूचा दाखला आणि अम्मींचे आधार कार्ड घेऊन घरमालकाच्या ऑफिसात गेले. पाच खेपा झाल्या, धाकट्यांनी दोन सुट्ट्या घातल्या, पण पावती अम्मींच्या नावावर झाली. करारावर त्यांनी स्वतः सही केली, मराठीत, सावकाश, एकेक अक्षर लिहून. नियमाप्रमाणे मिळणारे किमान ३०० चौरस फुटांचे नवे घर त्यांच्या नावावर असेल. मुंब्र्याला एकाच मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या आहेत. धाकट्यांना कामाला जायला दूर पडेल, त्याला त्यांनीच होकार दिला. ईदनंतर सामान हलेल, इन्शाअल्लाह.

वाचक भगिनींनो, आपल्या घरांतली वडीलधारी माणसे ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतात तेव्हा तो होकारच असतो असे नाही. कधी त्यांना बोलायला जागाच नसते. पुण्यात पर्वती आहे, औरंगाबादेत गोगाबाबा टेकडी आहे. चढ झेपत नसेल तर गावाबाहेरचा कट्टाही चालेल. मोबाइल घरी ठेवा, चहा बरोबर घ्या, आणि घाई करू नका. अम्मींना बोलायला अर्धा थर्मास लागला होता.

मुंब्र्यात गेल्यावर तशी जागा शोधायचे काम अम्मींनी आमच्यावर सोपवले आहे. अट एकच. बाकाला पाठ टेकायला फळी हवी.